माडीवरची तिसरी फळी

"हे खिळे कोनी मारले?" माडीच्या दारात उभं राहून मैनाबाई ओरडल्या. पुंजाराम सुतार शेवटच्या फळीवर लाल तेलाचं फडकं फिरवत होता.

"म्याच मारले, काकू. सात इसा खिळे, मोजून एकशेचाळीस. आता हत्ती नाचला तरी आवाज नाई!"

"तुले सांगतलं कोनी?"

"मालकानं."

मालक म्हणजे मैनाबाईंचे यजमान खुशालराव. त्या सालात दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि हिवरखेडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. खुशालराव गाड्या भरून अकोल्याला गेले आणि तिथं एका अडत्याच्या माडीवर बसून आले. पायाखाली जवसाचं तेल आणि गेरू दिलेली लालभडक लाकडी जमीन, आणि चालताना चूं नाही! घरी येऊन आपल्या आजोबांच्या काळच्या कुरकुरत्या फळ्यांवर त्यांनी पाय टाकला मात्र, त्यांचं डोकं फिरलं. डोकं तसं त्यांचं रोजच फिरत असे. पण हातात पैसा घेऊन फिरलं ते पहिल्यांदाच.

आज मात्र खरा संताप मैनाबाईंचा होता. जिन्याजवळची तिसरी फळी बरोबर पागोट्याच्या खुंटीखाली होती. ती 'कर्रर्र' करून ओरडली की समजायचं, मालक पागोटं बांधतायत. मग भाकर तव्यावर पडे, तांब्या भरला जाई, सून कौशल्या डोक्यावर पदर घेई. पागोटं बांधून होईस्तोवर भाकर फुगत असे. चोवीस वर्षं घर असं चाललं होतं. खुशालरावांना वाटे, आपल्या धाकानं चाललंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या गोदाबाई चुलीजवळ येऊन बसल्या.

"काल तुमच्या घरचे कोनावर ओरडून राह्यले होते वो?"

"कोनावर म्हंजे? बैलावर. बैल आयकत नाई म्हून मंग माह्यावर. बैल बरा बाप्पा, त्याले उत्तर द्या लागत नाई!"

कौशल्या खदखदून हसली, आणि हसता हसता तिचा दगड झाला. दारात खुशालराव उभे होते, पागोट्यासकट.

कौशल्येनं पदर ओढायला हात उचलला, तो तांब्याला लागला. तांब्या परातीत कलंडला, पिठाची कढी झाली. गोदाबाई मागच्या दारानं अशा पळाल्या की त्यांचं सूप तिथंच राहिलं.

"भाकर कुठं हाय?" खुशालराव गरजले.

"टाकतेच ना."

"टाकते? आजपावतो मी खाली आलो का ताटात गरम भाकर राहे! घरात पैसा आला तं माहा धाक गेला काय?"

"धाक कवा होता?" मैनाबाईंनी ओलं पीठ परातीत आपटलं. "फळी होती! थे बोंबलली का मी भाकर टाकत होती. तुमी तिचं तोंड बंद केलं, आता खा थंडी!"

"खोटं बोलते!" खुशालराव म्हणाले आणि थंड भाकर खाऊन उठले.

तिसऱ्या दिवशी पागोटं बांधताना ते वरून मोठ्यानं खोकले. "येतो" म्हणून सांगणं तर मानाला पटेना. मैनाबाईंनी खोकला नीट ऐकला आणि भाकरीऐवजी अडुळशाचा कडू काढा पुढं ठेवला. चौथ्या दिवशी त्यांनी माडीवर पाय आपटून पाहिले. पुंजारामाचं काम पक्कं होतं. फळी मुकीच राहिली, टाच मात्र सुजली. त्या दिवशी लंगडत खाली येताना त्यांनी आपल्याबद्दल आणखी दोन गोष्टी ऐकल्या. दोन्ही खऱ्या होत्या, म्हणून राग जास्तच आला.

पाचव्या दिवशी सकाळी ते मळ्यात गेल्यावर मैनाबाईंनी पदराखाली पक्कड लपवली आणि त्या माडीवर चढल्या. थंडीमुळे तेल अजून चिकट होतं. तिसऱ्या फळीशी वाकून पाहतात तो काय! चारही खिळे गायब. नुसती भोकं. शेजारी ओल्या रंगात दोन गोल वण उमटलेले, गुडघ्याएवढे. त्यांनी हळूच पाय टेकवला.

कर्रर्र!

मैनाबाईंनी पक्कड पदरात गुंडाळली आणि खाली येऊन जागच्या जागी ठेवून दिली.

दुपारी फळी ओरडली. खात्री करून घ्यायला असावी, दोनदा ओरडली. कौशल्येनं पदर घेतला. तांब्या भरला गेला. खुशालराव खाली आले तेव्हा भाकर टम्म फुगून ताटात येत होती, आणि त्यांच्या धोतरावर दोन्ही गुडघ्यांशी दोन लाल चंद्र उगवले होते. कौशल्येनं तोच पदर तोंडात कोंबला.

"त्या पुंजारामाचं काम निरा कच्चं हाय!" बसता बसता ते कडाडले. "चार दिस नाई झाले, तं फळी बोंबलून राह्यली! भेटू दे त्याले, तंगडंच मोडतो!"

"तं मंग बलावू काय त्याले?" मैनाबाई म्हणाल्या. "खिळे ठोकून देईल पुन्हा."

खुशालरावांचा घास हातातच थांबला.

"राहू दे," ते पुटपुटले. "गरीब मानूस हाय."

मैनाबाईंनी दुसरी भाकर तव्यावर टाकली.

"धोतर तेवढं काढून ठेवजा," त्या त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या. "वल्लं हाय तवाच धुते. वाळला का गेरू निंगत नाई."