कललेलं आकाश

त्या घरात जेवायचं टेबल एकच, आणि जेवणाआधी त्यावर तारे मरत. जावईबापूंची नोकरीच तशी. म्हातारा तारा मरताना वायूचा जो ढग उधळतो, त्याचे फोटो टेबलावरच्या संगणकावर बघायचे, ढग ज्या दिशेनं लांबलाय तिथे रेघ मारायची आणि शेवटी हजारभर रेघांचं संख्याशास्त्र मांडायचं. त्यातले बरेच ढग गोल गरगरीत. गोलाची लांबी कुठली, हे ढगालाही ठाऊक नसतं. मग थकलेल्या डोळ्यांना उभी वाटेल ती रेघ.

गेल्या वर्षी निष्कर्ष निघाला, की आकाशाला दिशाबिशा काही नाही. यंदाही तेच रडगाणं असेल तर नोकरीला मुदतवाढ नाही, असं साहेबांनी बजावलं आणि ताडून पाहायला जुना अहवाल घरून मागवून घेतला.

आणि काय सांगावं, यंदा ढग उजवीकडे कलले. जावईबापूंना स्वतःचाच भरवसा वाटेना. त्यांनी बायकोला बसवलं.

"अहो, मला यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच बस. न कळणारा माणूस पक्षपात करत नाही."

तिच्याही रेघा उजवीकडेच. हा योगायोग असण्याची शक्यता इतकी कमी, की शून्यं लिहिता लिहिता जावईबापूंचं बोट दुखलं. साहेबांनी वर कळवूनही टाकलं. मग खात्री करायला स्वतः घरी आले. टेबलाशी बसून त्यांनी मारलेल्या रेघाही उजवीकडेच गेल्या. साहेब खुर्चीत सैलावले.

तेवढ्यात सासूबाईंनी चहा ठेवला. कप आपणहून डावीकडे निघाला. सासूबाईंनी तो सवयीनं कडेला अडवला.

"हल्ली सगळं घरंगळतंय," त्या म्हणाल्या. "टेबलाच्या पायाखालचं ते जाड बाड कुणी काढलं, जावईबापू?"

साहेबांनी बॅगेतून गेल्या वर्षीचा अहवाल काढला. मुखपृष्ठावर टेबलाच्या पायाचा गोल वळ होता. ते गुडघ्यांवर बसले, अहवाल पायाखाली सारला आणि पुन्हा रेघा मारल्या. ढग वाटेल तिकडे पांगले.

"आता वर काय कळवायचं, साहेब?" जावईबापूंनी विचारलं.

"आणखी एक वर्ष लागेल, असं," साहेब गुडघे झटकत म्हणाले.

अशी मुदतवाढ मिळाली. सासूबाईंनी कप पुन्हा टेबलावर ठेवून पाहिला. हलला नाही.

"यंदाचाही जाडच लिहा," त्या म्हणाल्या. "कपाट डुगडुगतंय."