श्रावणात माकुल

"पुन्हा पडवळ," राजन ताटात बघून पुटपुटला. आवाज बायकोपुरताच होता.

"हळू," विनिता म्हणाली. "उद्या वन्सं निघाल्या की घाला काय तो धिंगाणा."

राजनच्या थोरल्या बहिणीने, सुहासिनीताईंनी, पुण्याहून फोनवर विचारलं होतं, "श्रावणात आले तर चालेल ना ग?" ताईंच्या सासरचा श्रावण म्हणजे कडक काम. विनिता बोलून गेली, "म्हणजे काय, आमच्याकडेही सगळं पाळतात." एरवी शारजातल्या या घरात फ्रीजर उघडला की बर्फाआधी मासे दिसायचे. पण लग्नानंतर पहिल्यांदाच नणंदेने "गुणाची आहेस हो" म्हटलं होतं, आणि ते शब्द विनिताला काही केल्या परत द्यायचे नव्हते. सगळं घर दोन आठवडे पडवळ-दोडक्यावर होतं.

शेवटची संध्याकाळ म्हणून चौघं दुबईच्या मॉलमध्ये गेली. तिथे नेमकी कोरियन खाऊगल्ली भरलेली. काड्यांना टोचलेली माकुलं, म्हणजे स्क्विड, जाळीवर चरचरत होती आणि एक बाई त्यांच्यावर ब्रशने लाल तिखट चटणी फासत होती. चौघंही तिथून मान सरळ ठेवून गेली.

"मी जरा पार्किंगचं बघून येतो," राजन म्हणाला.

"मी वॉशरूमला," विनिता.

"आय हॅव टु मीट समवन," त्यांची लेक शुभ्रा.

तिघं भेटली ती माकुलांच्या रांगेत. पार्सल विनिताच्या पर्समध्ये, ओढणीखाली गेलं.

गाडीत एसी लागला आणि फितूर झाला.

"कसला रे वास?" मागून ताईंनी विचारलं.

"फिल्टर, ताई. बदलायचाय."

"काहीतरी भाजल्यासारखा येतोय."

"इट्स द सी, आत्या," शुभ्रा म्हणाली. दोन्ही बाजूंना नुसती वाळू होती.

विनिताने काच खाली केली. ऑगस्टची हवा आत आली आणि पार्सल जणू पुन्हा जाळीवर चढलं. तिने काच वर केली.

"राजन, त्या पेट्रोल पंपावर गाडी घे," ताई म्हणाल्या.

गाडी थांबली. विनिताने पर्स पोटाशी धरली. गुणाची सून आता पाच मिनिटांची पाहुणी होती.

ताईंनी चष्मा काढून पुसला.

"विनिता, श्रावण सासरी असतो म्हणून तर मी इकडे पळून आले ग. मला मासे खायचे होते. तू आल्या आल्या पडवळ वाढलंस, मग काय बोलणार? काढ ते, गरम आहे तोवर."