विश्रामराव पांचाळ यांणी दादांचे इंजिनास गंज चढविला त्याची हकीकत

श्रीवाष्पदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी एके मुलखी वर्तमान घडले, ते ऐसे जे: विश्रामराव पांचाळ आणि त्यांचे थोरले बंधू केरबादादा ऐसे दोघे नामांकित. दादांकडे उभी हयात वाफेच्या इंजिनाची सुभेदारी होती. वडील आबा वारले ते समयी दादा गाडीवर, सबब अंत्यदर्शनास पोचले नाहीत, आणि विश्रामराव भर सुतकात बोलिले की, "तुम्हाला बापापेक्षा इंजिन मोठं!" बोल वर्मी लागला. मग उभय घरांत अंतर एका गल्लीचे, परंतु जाणेयेणे बंद जाहले आणि वर्षे गेली. दादांस ऐंशीवे लागले तेव्हा रावांनी मनाशी मसलत केली की, दादांचे इंजिन वीतभर करोन नजर करावे आणि तह मागावा. उशीर करिता तह मागावयास मनुष्यच उरावयाचे नाही.

रावांस बाल्कनीत बसोन छोटी यंत्रे घडविण्याचा नाद होता, आणि त्या विद्येत नवी चकाकी म्हणजे पोरखेळ. धातू जुना दिसेल तोच कारागीर खरा. सबब त्यांणी आधी तांबूस रंग दिला, ओला करोन वर मीठ शिंपडिले, त्यावरी काळा रंग मारिला, आणि मग मीठ खरवडिले तो खालील गंज जागोजाग उघडा पडिला. मग स्पंजाने कडांवर टवके टिपिले आणि बॉयलरवरोन गंजाचे ओघळ सोडिले. कुटुंब वत्सलाबाई पाहोन म्हणाल्या, "अगबाई, अगदी भंगारवाल्याकडचं वाटतंय हो!" राव संतोष पावले. स्तुती कोणती आणि सूचना कोणती हे कारागिरास कळते, तर मग काय पाहिजे होते!

मग पेढे आणि इंजिन घेवोन स्वारी दादांचे दारी गेली. दादांनी चष्मा लाविला, इंजिन फिरवोन पाहिले आणि चेहरा उतरला. म्हणाले, "विश्राम, माझ्या इंजिनाला गंज? रोज स्वतः पुसत होतो मी. बाप टाकला म्हणालास, ते गिळलं. आता इंजिनही टाकलं म्हणतोस?" तह मागावयास गेले आणि नवी आग लावोन बसले. आपले हातचे कौतुक पाहता भाऊ पाहावयाचा राहिला, हे रावांस तेथे उमगले आणि फार वाईट वाटले. दुसरा कोणी उठोन येता; राव उठले नाहीत. म्हणाले, "चुकलं, दादा. झिजलं कुठं होतं तेवढं सांगा, बाकी सगळं पुसतो."

मग घरोन रंग आणविले आणि इंजिन पुन्हा काळे कुळकुळीत केले. दादा जागा दाखवीत गेले, चढताना धरावयाचा दांडा, खिडकीची कड, जेथे कोपर टेके. आणि राव शिसपेन्सिलीची भुकटी बोटाने चोळित गेले, तो हात लागोन उजळले लोखंड दिसो लागले. शेवटी रेग्युलेटरचा दांडा राहिला, जो ओढिता गाडी चाले. दादा म्हणाले, "हा मी करतो." बराच वेळ चोळित राहिले. मग बोलते जाहले, "आबा गेल्याचा निरोप मधल्या स्टेशनात मिळाला. बदली ड्रायव्हर नव्हता. मागं गाडीभर माणसं. ह्याच दांड्याला धरून रडलो मी, विश्राम. रडलो, पण सोडला नाही." दादांचा काळा जाहला हात रावांनी आपले हाती घेतला आणि तैसेच बसोन राहिले.

येणेप्रमाणे तह जाहला. कलमे काही ठरली नाहीत. राव रोज सायंकाळी दादांकडे चहास जातात. घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.