खाकीला हात न लावणारे दगडूजी

दगडूजी शिंप्यांना कोणी समोरून रामराम घातला तर उत्तर मिळायचं नाही. ते आधी त्या माणसाच्या मागे जायचे, पाठीवरची शिवण निरखायचे आणि मगच पुढे येऊन म्हणायचे, "रामराम. कुण्या येड्यानं शिवलाय ह्यो कोट?"

मोमिनाबादच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मराठीचा मास्तर म्हणून मी आलो, तेव्हा माझं स्वागत असंच झालं. कोट माझ्या लग्नातला होता. मामांनी हौसेनं शिवून घेतलेला. पण छावणीच्या बाजारात माझी खोली दगडूजींच्या दुकानाला लागूनच होती, त्यामुळे राग धरून चालणार नव्हतं.

दगडूजी रिसाल्याचे शिंपी. गावाबाहेर घोडेस्वारांची छावणी होती तेव्हा त्यांच्या हाताखाली चार कारागीर बसायचे. मग रिसाला दूर कुठं हलला. पागांतून बाभळी उगवल्या, बाजारातली दुकानं एकेक करून बंद झाली. दगडूजी तेवढे राहिले.

त्यांच्या हाताला मात्र छावणी उठल्याचं कळलंच नव्हतं. कुणब्यानं बंडी शिवायला टाकली तरी तिला खांदपट्ट्या यायच्या. एका पाटलाच्या मुलाला त्यांनी लग्नाचा कोट शिवला, त्याची कॉलर इतकी कडक की वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना नवरदेवाची मान खाली जाईना. वरबाप तणतणत दुकानात आला.

"वाकायचं कावून?" दगडूजी म्हणाले. "सलाम ठोक म्हणावं!"

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो की ते सुरू व्हायचे. "माझ्या आज्ज्याच्या वक्ताला शिपाई घरचाच अंगरखा घालून लढायला जायचा, मास्तर. कुणाचा पिवळा, कुणाचा पांढरा. लढाईत आपला कोण, परका कोण, कळायचं न्हाई. मग बापाच्या वक्ताला कोट आले. आमच्या रिसाल्याचा हिरवागार, वर पितळी गुंड्या. रिसाला निगाला की रान चालल्यावानी दिसायचं."

"आणि मग?"

"मग खाकी." ते दोरा दातानं तोडायचे. "खाक म्हंजे माती. जित्या माणसाला मातीचं कापड कावून? आन् गठ्ठ्यानं शिवून येतंय. मापं किती, तर तीन! ल्हान, मधलं, मोठं. माणसं तीनच जातीची असत्यात व्हय?"

खाकीला हात लावायचा नाही, ही त्यांची शपथ होती. एका चपराशाची फाटकी खाकी विजारसुद्धा त्यांनी काठीनं उचलून परत दिली होती.

त्यांची बायको कधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. केजला धाकट्या भावाचं भरलं घर होतं. तो दर दिवाळीला बैलगाडी घेऊन न्यायला यायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत जायचा.

"जात का नाही?" मी एकदा विचारलं.

"रिसालदारसाहेब जाताना म्हणले, दगडू, आमचं बस्तान बसलं की तुला बोलावतो. म्या केजला गेलो आन् हितं बोलावणं आलं तर?"

विलायतेकडे मोठी लढाई सुरू होती तेव्हाची गोष्ट. वडवणीकडचा एक जवान शिपाई रजेवर आला होता. अंगावर खाकी कोट, बुजगावण्यावर टाकल्यासारखा. मी ओट्यावरच होतो.

"काका, एवढा आवळून देता का?"

"खाकी हितं न्हाई." दगडूजींनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं मात्र विचारलं, "रिसाला कोणचा?"

त्यानं सांगितला. दगडूजींची सुई थांबली.

"आमचाच की! बस, बस. काढ त्यो कोट." त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर पसरला आणि उसवायला लागले. "आमचे रिसालदारसाहेब, बशीरखान, कसे हायत?"

"कोण? हां, त्ये. त्येंला वारून लई वर्सं झाली म्हणत्यात. आमी न्हाई पायलं."

"आन् आता शिवतं कोण?"

"शिवायचं काय त्यात? गठ्ठा येतो, आमी घालतो." पोरगा हसला. "आपला रिसाला हितं व्हता व्हय कधी?"

दगडूजींनी सुईत दोरा ओवला. दुपारभर शिवत राहिले. कोट अंगात घातला तेव्हा तो पोरगा एकदम शिपाई दिसायला लागला. खूश होऊन त्यानं सलाम केला आणि निघून गेला.

मीही उठलो.

"मास्तर, उभं ऱ्हा जरा," दगडूजी म्हणाले. "माप घेतो."

"मला काही शिवायचं नाही, दगडूजी."

"शिवायचं म्या कुठं म्हणलं?"

त्यांनी गळ्यातली पट्टी काढली. छाती मोजली, बाही मोजली, मग पुन्हा छाती. लिहून काहीच घेतलं नाही. खांद्याशी आल्यावर हात तिथंच थांबला.

"हलू नका," ते म्हणाले.

मी हललो नाही.