सर्वाधिक वेळा सुरू झालेला संगणक

नलगोंड्याजवळच्या विणकर संस्थेला सरकारने दिलेला संगणक बंद पडला नव्हता, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. तो सुरू होत होता. दिवा लागायचा, पंखा घुमायचा, पडद्यावर चक्र फिरायचं. मग सगळं काळं होऊन तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

आत भूलक्ष्मीच्या नक्ष्या होत्या. लग्न होऊन गावात आल्यापासून तिने काढलेल्या सगळ्या. कागदावरच्या मूळ नक्ष्या संस्थेने रद्दीत घातल्या होत्या, कारण आता सारं संगणकात सुरक्षित होतं. वारंगळच्या एका नवरीला तिच्या हंसांच्या काठाची साडी हवी होती. नक्षीवाचून माग थांबले होते.

गावात दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या मोईनने पाहून सांगितलं, की डिस्क धडधाकट आहे, सुरू होण्याची व्यवस्था तेवढी बिघडलीय. नवी व्यवस्था घाईने भरायला गेलं तर नक्ष्या पुसल्या जातील. त्यापेक्षा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडू, चहा निवायच्या आत काम होईल.

संस्थेचे व्यवस्थापक सत्तय्या यांनी हातमाग विभागाकडे रीतसर परवानगी मागितली. तपासनीस आले. दिवा लागलेला पाहून त्यांनी यंत्र ‘चालू’ ठरवलं. चालू यंत्र उघडणं म्हणजे सरकारी मालमत्तेची नासधूस. शिवाय इतर कार्यालयांतले संगणक रोज सकाळी एकदाच सुरू होत, हा दिवसभर होत होता. विभागाने त्याला ‘सर्वाधिक कार्यरत संगणक’ म्हणून पुरस्कार जाहीर केला.

“सार, त्यातून एक रेघ तरी बाहेर येते का?” भूलक्ष्मीने विचारलं.

“अम्मा, बाहेर काय येतं ते मोजायची पद्धत नाही,” सत्तय्या म्हणाले. “आणि तुझ्या हंसांसाठी मला कुणी शाल घातलीय का आजवर?”

भूलक्ष्मीला रडू आलं, पण ते तिने घरी जाईपर्यंत लांबवलं. दुसऱ्या दिवशी येऊन ती गंभीरपणे म्हणाली, की सत्काराला जाणारं यंत्र आतून धुळीने भरलेलं बरं दिसत नाही. सत्तय्यांना पटलं. दुरुस्तीला परवानगी लागे, झाडलोटीला लागत नसे. मोईनने यंत्र उघडलं आणि धुळीबरोबर डिस्कही काढली.

त्याच्या दुकानात पडद्यावर हंस उमटले, तेव्हा भूलक्ष्मी जवळ वाकली. मग म्हणाली, “चोच इतकी बाकदार काढली होती मी? विसरलेच होते.”

साडी वेळेवर गेली. इकडे डिस्कच नसल्यामुळे संगणक लवकर अडखळून अधिक वेगाने पुन्हा सुरू होऊ लागला. सुरू होण्याचा आकडा दुप्पट झाला. हैदराबादहून अभ्यासगट आला, त्याने यशाचं कारण शोधलं, आणि सर्व कार्यालयांनी आपापल्या संगणकांतल्या डिस्क काढून टाकाव्यात असा आदेश निघाला. ही योजना इतकी नावाजली गेली, की शेजारच्या राज्यांनीही ती उचलली.

तेव्हा मागच्या आठवड्यात सरकारी कार्यालयात खिडकीतल्या बाईंनी तुम्हाला “सिस्टिम सुरू होतेय, उद्या या” म्हटलं ते खोटं नव्हतं. तुम्ही “बरं मॅडम” म्हणून परत फिरलात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात. ‘सेवा दिलेले समाधानी नागरिक’ या रकान्यात तुम्ही दोनदा आहात.