हरल्याचा निरोप

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही पोस्टाने बी.कॉम. करणारा. टिपणीसकाकांवर लिहिण्याचा अधिकार माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणालाही जास्त आहे. तरी लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

काका पत्ते खेळायला बसताना टाय लावत. खाली लुंगी, वर इस्त्रीचा शर्ट आणि निळा टाय. समोर माणूस नसेच, नुसता कॉम्प्युटर. टेलिफोनच्या तारेवरून जगभरातली माणसं पोकर खेळतात, हे मी गेल्या वर्षी प्रथम पाहिलं ते इथे आखातात, माहूजमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये.

"काका, त्यांना तुम्ही कुठे दिसता?" मी विचारलं.

"मी मला दिसतो ना!"

काका ड्राफ्ट्समन होते. लग्न केलेलं नव्हतं. खेळत ते फुकटच्या टेबलावर, खोट्या चिपांनी. खरे पैसे लावून पकडले गेलो तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही खलास, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण खऱ्या पैशांनी खेळू पाहणाऱ्याने ते पैसे कुणाकडे आणि कसे मागावेत, याचा सल्ला ते न विचारता देत. दुसऱ्याच्या खेळाला जो पैसे पुरवतो आणि जिंकल्यावर वाटा घेतो, त्याला ते 'पाठीराखा' म्हणत.

आमच्या बिल्डिंगमधला सुरेश एसी दुरुस्त करायचा. काकांसारखाच चिपळूणचा. तो एकदा म्हणाला, "काका, शंभर दिनार लावा माझ्यावर. जिंकलो की निम्मे तुमचे."

"हरलेले डाव दाखव. वही कुठाय?"

"अजून हरलोच नाय!"

"मग अजून खेळलाच नाहीस. जिंकल्याचं कुणीही सांगतो. चहा घे आणि यल्ला, नीघ."

"पैसे नका देऊ, पण तो टाय तरी सैल करा हो. बघून मलाच गुदमरायला होतं!"

काका हसले नाहीत. टाय मात्र आणखी घट्ट केला.

त्यांचा सगळ्यात लाडका नियम वेगळाच होता. "हरलास तर त्याच दिवशी, स्वतः कळवायचं. पाठीराखा रागवत नाही रे. त्याला फक्त कळायला हवं. निरोप आला नाही, तर तो बिचारा समजणार की गडी अजून उभा आहे."

माझे वडील वेल्डर. त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा माझी फी आणि परीक्षेसाठी मुंबईला जायचं तिकीट, दोन्ही अडलं. पोकर खेळून पैसे उभे करावेत, असं माझ्या डोक्यात आलं. महिनाभर फुकटच्या टेबलावर खेळलो, हरलेला प्रत्येक डाव वहीत लिहिला आणि वही घेऊन भीतभीत काकांकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावून वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. दोन ठिकाणी शुद्धलेखनही सुधारलं.

"खोटं लिहिलं नाहीस," ते म्हणाले. "पण पोकरवर मी तुझ्या मागे उभा राहणार नाही."

मी उठलो.

"बस. परीक्षेवर उभा राहतो. फी आणि तिकीट मी भरतो."

मी पुन्हा बसलो. विचारलं, "तुमचा वाटा?"

"पास झालास तर पेढे. नापास झालास तर निरोप. त्याच दिवशी."

एप्रिलमध्ये मी परीक्षा दिली. मेमध्ये काकांची नोकरी संपली आणि ते चिपळूणला गेले. जूनमध्ये निकाल लागला. अकाउंटन्सीत नापास. त्याच दिवशी पत्र लिहायला बसलो. 'ती. काका' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ऑक्टोबरला पुन्हा बसू, पास होऊ, मग दोन्ही बातम्या एकदमच कळवू, असं मनाशी ठरवलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

ऑक्टोबरचं तिकीट वडिलांनी कसंबसं काढलं. मी पास झालो. पत्र लिहून पाकीट चिकटवलं, त्याच आठवड्यात सुरेश रजेवरून परत आला.

"काका गेले रे," जिन्यातच तो म्हणाला. "दिवाळीच्या आधीच."

मी पायरीवर बसलो. त्याने बॅग खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पण तू पास झाल्याचं त्यांना कळलं होतं, ते बरं झालं. जूनमध्ये अख्ख्या आळीत पेढे वाटले म्हणे त्यांनी. लुंगीवर टाय लावून!"

"जूनमध्ये? त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणीच नाय. शेजारणीने विचारलं तर म्हणाले, निकाल लागून आठ दिवस झाले, पोराचा हरल्याचा निरोप आला नाही."