मामाचं नाव आणि मिक्सरची पिन

खुटबावच्या रंगुबाईंनी लेकीच्या लग्नपत्रिकेतली नावं कागदाशिवाय, तोंडपाठ सांगितली होती. आपल्या सासरची एकूणएक एकेचाळीस मोठी माणसं. कागद विसराळूंना लागतो, हे वर ऐकवलं. थोरला लेक दत्ता घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करत गेला. बुधवारी सकाळी बाईंनी कॉम्प्युटरची पिन उपटली, तिथं मिक्सर लावला, आणि लसणाची चटणी निम्मी फिरली तोच त्यांचा हात थांबला. पत्रिकेत चांगदेव नव्हता. पाठचा सख्खा भाऊ, नवरीचा मामा. मांडवात नवरीच्या पाठीशी उभं राहायचं ते त्यानं, आणि पत्रिकेत नाव नसेल तर तो घरातून पाय उचलेल कशाला?

साडेअकराच्या गाडीनं प्रत दौंडच्या छापखान्यात पोचायला हवी होती. दत्तानं मशीन चालू केलं. यादी दिसली, पण मामाचं नाव काही केल्या ते ठेवून घेईना.

"मशीन लिनक्सवर चालतंय आई. उठताना आधी नुसतं वाचतं, सगळं जागच्या जागी हाय का बघतं, मगच लिवू देतं. तू मधीच पिन उपटलीस. आता त्याला भरवसा न्हाई."

"चाळीस वर्सं घर चालवलं, माझ्यावर असा संशय कुणी घेतला न्हाई. समजूत काढ त्याची."

दत्तानं डिस्कची तपासणी लावली. पडद्यावर आकडे मुंगीच्या पावलानं सरकत होते आणि अकरा वाजून गेले होते. तेवढ्यात चुलत दीर म्हाळूआप्पा आले. कुणाच्या घरात काय चुकलं ते दुपारच्या आत गावभर करणारा माणूस. त्यांना दोन्ही नातवांची नावं पत्रिकेत हवी होती.

"लिवणं बंद हाय आप्पा," बाई म्हणाल्या. "मशीनच घेत न्हाई, त्याला मी काय करू?"

"मग वाचायला तरी मिळंल की, वैनी." आप्पांनी चष्मा चढवला आणि खुर्ची ओढली.

तपासणी संपली. दत्तानं डिस्क लिहिण्याजोगी केली, यादी उघडली. रंगुबाई लगबगीनं पदरानं काच पुसायला पडद्यासमोर उभ्या राहिल्या. आप्पा डावीकडून डोकावले, पदर डावीकडे गेला. उजवीकडून डोकावले, पदर उजवीकडे. आईच्या कोपराखालून दिसेल तेवढं बघत दत्तानं मामा घातला. प्रिंटर खरखरला.

"आता लिवतंय की," आप्पा म्हणाले. "घाला आमची नातवंडं."

बाईंनी कागद दत्ताच्या हातात कोंबला, त्याला स्टेशनकडे पिटाळलं, आणि शांतपणे कॉम्प्युटरची पिन उपटून मिक्सरची लावली.

"घातली असती की," त्या म्हणाल्या. "पण चटणी भरडच राह्यलीय, आप्पा."